एकही डाव न राखणारा वस्ताद : जिगोरो कानो

आपल्याकडील तालमींतून एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. वस्तादाने शागिर्दास सर्व डाव शिकवावेत, परंतु एक डाव स्वतःपाशी राखून ठेवावा. शागीर्द उद्या उलटला, तर त्यास चीत करावयास तो उपयोगी पडतो! ही समजूत केवळ लाल मातीपुरती राहिली असती, तर तीविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु वैद्याने औषधाची एखादी मात्रा सांगितली नाही, गवयाने घराण्याची एखादी चीज शिकविली नाही, कारागिराने हत्याराला पाणी देण्याची रीत मुलाखेरीज कोणास दाखविली नाही. आणि मुलाला त्यात गोडी नसली, म्हणजे ती विद्या वृद्धाबरोबर चितेवर गेली. आपल्या समाजातील किती हुन्नरे अशा रीतीने नाहीशी झाली असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. प्रत्येक घरातील जाणत्या मंडळींना मात्र त्यातील एखाददुसरे नाव खचित आठवत असेल.

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एका जपानी गृहस्थाचे चरित्र का द्यावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर वरील परिच्छेदातच आहे. एका विशिष्ट वर्गाच्या, विशिष्ट घराण्यांच्या मुठीत असलेली आणि मरणपंथास लागलेली विद्या ज्याने उचलली, घासूनपुसून स्वच्छ केली आणि जगातील कोणत्याही जातीच्या, धर्माच्या, देशाच्या माणसासाठी तिचे दार उघडले, अशा पुरुषाची ही कथा आहे. जिगोरो कानो हे त्यांचे नाव. ज्युदो या मल्लविद्येचे ते जनक होत. आपल्या मुलांच्या आणि आता मुलींच्याही शाळांतून स्वसंरक्षणाचे जे शिक्षण दिले जाते, त्यातील पुष्कळ पद्धती, शिकविणाऱ्यास ठाऊक असो वा नसो, या एका माणसाच्या विचारातून निघालेल्या आहेत.

कानो यांचा जन्म 1860 साली कोबेनजीकच्या मिकागे या समुद्रकाठच्या गावी झाला. हा प्रांत तांदळापासून काढल्या जाणाऱ्या साके नावाच्या मद्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि कानो घराणे याच व्यवसायातील एक सधन घराणे होते. वडील घरजावई म्हणून या कुटुंबात आलेले. मद्याच्या धंद्यात न पडता ते शोगुन सरकारच्या जहाजांसंबंधीच्या कामात गुंतले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानात त्या काळी शस्त्रविद्या हा सामुराई म्हणविणाऱ्या क्षत्रियवर्गाचा मक्ता होता. कानो हे त्या वर्गातील नव्हते. व्यापाऱ्याच्या घरी वाढलेला हा मुलगा पुढे योद्ध्यांच्या विद्येचा त्राता ठरावा, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी त्यास तोकिओस नेले आणि उत्तम शिक्षणाची तजवीज केली. अक्षरवळण, चिनी अभिजात ग्रंथ आणि इंग्रजी यांत मुलाची प्रगती चांगली होती. चौदाव्या वर्षी त्यास एका खासगी विद्यालयाच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथे पाश्चात्त्य शिक्षक शिकवीत असत. अभ्यासात हा मुलगा कोणास हार जात नसे, परंतु अंगाने अगदीच किरकोळ. पूर्ण वाढ झाल्यावरही त्यांची उंची सुमारे पाच फूट दोन इंचच भरली. दांडग्या मुलांना असा हुशार आणि दुबळा सोबती म्हणजे आयती पर्वणी! ती मुले त्यास त्रास देत, मारीत, आणि तो मुकाट्याने सहन करी. शाळेतील वात्रट मुलांच्या या छळातूनच एका जगन्मान्य विद्येचा उगम झाला आहे.

दुबळ्या माणसास बलवानावर मात करता येईल अशी जुजुत्सु नावाची एक विद्या आहे, असे त्याच्या कानावर आले होते. वडिलांकडे येणाऱ्या परिचितांत ती जाणणारे जुने लोक होते. मुलाने त्यांना गळ घातली. परंतु आता नवीन युग आले, या जुन्यापुराण्या गोष्टी शिकून काय उपयोग, असे म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावले. वडिलांचेही मत याहून निराळे नव्हते.

त्यांचे म्हणणे त्या काळास अनुसरूनच होते. 1868 साली शोगुनांची सत्ता जाऊन सम्राट मेइजी यांची राजवट आली होती. 1871 साली सरदारांच्या जहागिरी खालसा झाल्या, आणि 1876 साली सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडण्यास बंदी झाली. शतकानुशतके जिच्या बळावर मान आणि वेतन मिळाले, ती विद्या एका दशकात निरुपयोगी ठरली. जुजुत्सुचे नामांकित गुरू पोटासाठी हाडे बसविण्याचा धंदा करू लागले. कुस्तीत निखळलेले हाड बसविण्याची कला त्यांच्या अंगी होतीच. तेवढीच उपजीविकेला उपयोगी पडली. पेशवाई बुडाल्यावर आपल्याकडील कित्येक पट्टेकऱ्यांची आणि बोथाटीबहाद्दरांची जी गत झाली, तिच्याशी हे चित्र ताडून पाहावे. फारसा फरक दिसणार नाही.

1877 साली कानो विद्यापीठात दाखल झाले आणि गुरूच्या शोधास लागले. शोधाची त्यांची रीत मोठी चतुराईची होती. जुजुत्सु जाणणारे हाडवैद्य झाले आहेत, तेव्हा हाडवैद्यांच्या पाट्या पाहत हिंडावे आणि आत जाऊन विचारावे! अनेकांनी नकार दिला. अखेर एका वृद्ध हाडवैद्याने त्यांना फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठविले. हे तेन्जिन शिन्यो नावाच्या घराण्याचे जाणकार. त्यांची तालीम म्हणजे हाडवैद्यकीच्या दुकानाला लागून असलेली दहाएक चटयांची खोली, आणि शागीर्द अगदी मोजके.

फुकुदांची शिकविण्याची तऱ्हा जुनीच होती. एके दिवशी त्यांनी कानोंना एका डावाने पाडले. हात कोठे धरावा, पाय कसा टाकावा, असे कानोंनी विचारताच गुरूंनी त्यांना पुन्हा पाडले. पुन्हा विचारले, पुन्हा पाडले. शंभरदा पडल्यावाचून डाव कळत नाही, असा त्यांचा भाव. कानोंचे अंग सदैव ठेचाळलेले असे आणि अंगाला मलमाचा वास येई. सोबती थट्टा करीत. परंतु त्यांनी एक दिवसही चुकविला नाही. मनात मात्र एक प्रश्न त्यांनी जपून ठेवला. डाव कशामुळे लागतो, याचे काहीतरी कारण असलेच पाहिजे. मग ते शब्दांत का सांगता येऊ नये?

याच तालमीत फुकुशिमा नावाचा एक अंगापिंडाने भारी गडी होता. कानोंना तो काही केल्या हटेना. तेव्हा त्यांनी सुमोचे डाव आजमावून पाहिले. ते लागू पडेनात. मग हा विद्यापीठाचा विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन बसला! तेथे पाश्चात्त्य कुस्तीवरील एका पुस्तकात त्यांना एक डाव सापडला. प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्यास खांद्यांवर आडवा घ्यावयाचा आणि पलीकडे टाकावयाचा. आपले पहिलवान ज्यास कलाजंग म्हणतात, त्याच जातीचा हा डाव होय. कानोंनी तो एका मित्रावर घोटला आणि फुकुशिमाला उचलून चटईवर घातला. हाच डाव पुढे काता-गुरुमा या नावाने ज्युदोत आला. विद्या आपल्या घराण्याची की परक्याची, हा प्रश्न त्या तरुणाला पडलाच नाही, ही गोष्ट आम्हांस त्या विजयाहून मोठी वाटते.

1879 साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट जपानात आले असता, प्रसिद्ध उद्योगपती शिबुसावा यांच्या निवासस्थानी त्यांना जुजुत्सुचे प्रयोग दाखविण्यात आले. त्यात फुकुदांबरोबर कानोही होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. त्यांच्या विधवा पत्नीने घराण्याच्या विद्येची हस्तलिखिते या तरुण शिष्याच्या हवाली केली. कानोंनी इसो मासातोमो या त्याच घराण्यातील वृद्ध आचार्यांचे शिष्यत्व पत्करले. 1881 साली तेही निवर्तले. मग कितो नावाच्या निराळ्याच घराण्याचे इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे ते गेले. एका घराण्याचा भर धरणे, गळा दाबणे आणि सांधे उलटविणे यांवर. दुसऱ्याचा भर उभ्याने फेकण्यावर. दोन्ही शिकल्यामुळे कानोंच्या ध्यानात आले, की प्रत्येक घराण्यापाशी सत्याचा एक तुकडा आहे, आणि प्रत्येकजण आपल्या तुकड्यालाच अखंड समजून कुलूप लावून बसला आहे.

1881 साली राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन ते पदवीधर झाले, आणि 1882 च्या आरंभी सरदारपुत्रांसाठी असलेल्या गाकुशुइन विद्यालयात शिक्षक म्हणून लागले. त्याच वर्षी तोकिओच्या शिताया भागातील एइशो-जी या बौद्ध मंदिरात त्यांनी आपली शाळा काढली. वय अवघे एकवीस. जागा बारा चटयांची. पहिल्या वर्षी नाव घातलेले विद्यार्थी नऊ. शाळेचे नाव कोदोकान, म्हणजे मार्गाचा अभ्यास करण्याचे स्थान. काही विद्यार्थी गुरूच्याच घरी राहत आणि जेवत. सुरुवातीच्या काळात कानोंनी फी घेतली नाही. पगार पुरेना, तेव्हा रात्री भाषांतराची कामे करून त्यांनी खर्च चालविला.

मंदिरातील भिक्षूला मात्र ही पीडाच झाली. धडाधड माणसे आपटल्यामुळे देवघरातील मृतांच्या स्मृतिपाट्या हलून खाली पडत, जमिनीखालच्या फळ्या मोडत. दिवसभर शिकवून झाल्यावर कानो आपला पहिला शिष्य तोमिता याला घेऊन दिवा हाती धरून जमिनीखाली शिरत आणि फळ्या दुरुस्त करीत, असे सांगतात. ज्या संस्थेची स्वतःची भव्य इमारत 1934 साली पाचशेहून अधिक चटयांच्या सभागृहासह उभी राहिली, तिचा पाया असा शब्दशः त्यांनी रात्री हाताने सावरलेला आहे.

आता त्यांनी नवे ते काय केले, हे पाहिले पाहिजे. कारण पुष्कळांची अशी समजूत असते, की त्यांनी जुन्या डावांना नवे नाव दिले एवढेच. जुजुत्सु या शब्दातील जुत्सु म्हणजे कसब. कानोंनी त्याजागी दो म्हणजे मार्ग हा शब्द योजिला. जु म्हणजे मृदुता, नमते घेणे. या मृदुतेचा अर्थ ते गणिताने समजावीत. समोरच्याची शक्ती दहा आणि माझी सात असेल, तर मी विरोध केल्यास हरणारच. परंतु तो ढकलीत असता मी तेवढाच मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो. त्या क्षणी त्याच्या दहापैकी तीनच शक्ती त्याच्या स्वाधीन राहते, आणि माझ्या सातांपैकी निम्म्या शक्तीनेही मी त्यास पाडू शकतो. इइकुबोंशी लढत देताना या तोल ढळविण्याच्या तत्त्वाचा त्यांना साक्षात्कार झाला. एके दिवशी वृद्ध गुरू शिष्यास पाडू शकेनात, उलट शिष्यच त्यांना वारंवार पाडू लागला. शिष्याने कारण सांगितले, तेव्हा आता मजजवळ तुला शिकविण्यासारखे उरले नाही, असे त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले. फुकुदांच्या तालमीत जो प्रश्न मनात राहिला होता, त्याचे हे उत्तर होय. प्रथम तोल ढळवावा, मग आपले अंग योग्य जागी आणावे, आणि मग डाव टाकावा. जे शंभरदा पडून कळावयाचे, ते आता तीन वाक्यांत सांगता येऊ लागले.

दुसरी सुधारणा सुरक्षिततेची. ज्या डावांनी जीव जाण्याचा किंवा अवयव निकामी होण्याचा संभव, ते खुल्या लढतीतून काढून त्यांनी ठराविक क्रमाने करावयाच्या प्रयोगांत ठेविले. विद्या टाकली नाही, परंतु तिची धार अभ्यासाच्या वेळी म्यान केली. डाव शिकण्यापूर्वी पडावे कसे हे शिकविले जाऊ लागले. हातांनी चटईवर आघात करून पडण्याचा झटका विरून टाकण्याची ही युक्ती आज लहान मुलेही प्रथम शिकतात. तिसरी सुधारणा श्रेणींची. जुन्या घराण्यांत गुरूची मर्जी होईल तेव्हा, कित्येक वर्षांनी, गुप्त परवाना मिळे. कानोंनी 'दान' नावाच्या क्रमवार पायऱ्या घातल्या. 1883 साली तोमिता आणि साइगो शिरो हे दोघे पहिल्या पायरीचे मानकरी झाले. काळा कमरपट्टा ही त्या पायरीची खूण थोड्या वर्षांनी आली, आणि कराटे आदी इतर विद्यांनीही तिचे अनुकरण केले. चौथी गोष्ट विद्येच्या विवेचनाची. त्यांनी व्याख्याने दिली, नियतकालिके चालविली, प्रत्येक डावाची कारणमीमांसा उघडपणे मांडली. प्रारंभीच्या विद्यार्थ्यांकडून परवानगीवाचून विद्या दुसऱ्यास न देण्याची शपथ जुन्या रीतीने घेतली जात असे, हे खरे. परंतु ज्याने स्वतः आयुष्यभर लेखणी आणि वाणी यांनी ती विद्या वाटली, त्याच्या हातून त्या शपथेतील कुलूप आपोआपच सैल झाले.

कोदोकानच्या मल्लांनी पोलिसांच्या आश्रयाने झालेल्या सामन्यांत जुन्या घराण्यांच्या मल्लांवर मात केली, आणि ज्युदोला राजमान्यता मिळाली. साइगो शिरो हा त्या काळचा अत्यंत नामांकित मल्ल. तोमितांच्या मुलाने 1942 साली लिहिलेली सुगाता सानशिरो ही कादंबरी त्याच्यावरूनच सुचली, असे मानतात. त्यावर दुसऱ्याच वर्षी अकिरा कुरोसावा यांनी आपला पहिला चित्रपट काढला.

कानो हे केवळ आखाड्याचे पुरुष नव्हते. पोटापाण्याचा त्यांचा व्यवसाय शिक्षणाचा, आणि तोही त्यांनी तितक्याच निष्ठेने केला. 1889 पासून सुमारे सव्वा वर्ष ते युरोपातील शिक्षणसंस्था पाहत हिंडले. परतीच्या जहाजावर एका धिप्पाड रशियन अधिकाऱ्याने त्यांच्याशी झुंज मांडली. कानोंनी त्यास फेकले, आणि फेकताफेकता त्याचे डोके तळावर आपटू नये म्हणून खाली आपला हात दिला, अशी आख्यायिका आहे. परतल्यावर ते कुमामोतो येथील उच्च विद्यालयाचे प्रमुख झाले. तेथे त्यांच्या हाताखाली शिकविणाऱ्या लाफकादियो हर्न या लेखकाने जुजुत्सुवर लिहिलेला निबंध 1895 साली पुस्तकरूपाने निघाला, आणि इंग्रजी वाचकांना या विद्येची ओळख झाली. 1893 पासून मधले काही खंड वजा जाता 1920 पर्यंत ते तोकिओच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे प्राचार्य होते. तेथे घडलेले शिक्षक जपानच्या कानाकोपऱ्यांत गेले, आणि 1911 साली माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात ज्युदोला स्थान मिळाले. चीनमधून येणाऱ्या तरुणांसाठीही त्यांनी विद्यालय काढले. हजारो चिनी विद्यार्थी तेथे शिकून गेले. पुढे चीनचे श्रेष्ठ साहित्यिक म्हणून गाजलेले लू शुन हे त्यांपैकीच एक.

1909 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर त्यांची निवड झाली. आशिया खंडातून त्या समितीवर जाणारे ते पहिले सदस्य होत. 1912 साली स्टॉकहोमच्या सामन्यांस जपानने प्रथमच भाग घेतला, तेव्हा खेळाडू होते दोन, आणि पथकाचे प्रमुख होते कानो. मौज अशी, की या समितीत सुमारे तीस वर्षे बसूनही ज्युदोला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे म्हणून त्यांनी अट्टाहास केल्याचे दिसत नाही. पदकांच्या चढाओढीत विद्येचा मूळ हेतू हरवेल, अशी त्यांस शंका होती. 1922 साली त्यांनी आपल्या शिकवणीचे सार दोन सूत्रांत सांगितले. शक्तीचा उत्तमात उत्तम उपयोग, हे एक. आणि स्वतःचा व दुसऱ्याचा एकत्र उत्कर्ष, हे दुसरे. चटईवर ज्याला आपण पाडतो, त्याच्यावाचून आपला अभ्यास होऊच शकत नाही. म्हणून आरंभी आणि शेवटी त्यास नमस्कार करावयाचा.

त्याच 1922 साली ओकिनावाहून गिचिन फुनाकोशी नावाचे एक शिक्षक कराटेचे प्रयोग दाखविण्यास तोकिओत आले होते. ही विद्या म्हणजे ज्युदोची प्रतिस्पर्धी! परंतु कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावून आपल्या शिष्यांसमोर प्रयोग करावयास लाविले आणि उत्तेजन दिले. फुनाकोशी तोकिओतच राहिले, आणि कराटेचा जगभर प्रसार झाला. शेजाऱ्याचे दुकान चालावे म्हणून आपल्या दुकानात त्याचा माल मांडणारा दुकानदार आम्ही तरी पाहिलेला नाही.

स्त्रियांच्या शिक्षणाचा विषय आमच्या भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावा. कानोंनी 1893 च्या सुमारास स्त्रियांना ज्युदो शिकविण्यास आरंभ केला. 1926 साली कोदोकानमध्ये स्त्रियांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आपले पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको हिलाही त्यांनी आग्रहाने ज्युदो शिकण्यास बोलाविले, आणि 1935 साली ती आली. ज्या विधवेने घराण्याची हस्तलिखिते दिली होती, तिच्या कुळाचे ऋण असे फिटले. परंतु येथेच एक उणीवही नमूद केली पाहिजे. स्त्रियांना खुल्या सामन्यांपासून दूर ठेवण्यात आले, आणि कानोंच्या पश्चातही त्यांना पाचव्या श्रेणीवर चढू न देण्याचा नियम कितीतरी वर्षे चालला. केइको फुकुदांना सहावी श्रेणी 1972 साली मिळाली. नववी मिळेपर्यंत 2006 साल उजाडले. लग्न न करता आणि हार न मानता अमेरिकेत शिकवीत राहिलेल्या या बाई 2013 साली नव्व्याण्णवाव्या वर्षी निवर्तल्या. दार उघडणाऱ्याच्या घरातही एखादी खोली बंद राहून जाते. ती पुढच्या पिढीस उघडावी लागते.

आपल्या देशाशीही या विद्येचा जुना संबंध आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात ही विद्या यावी म्हणून खटपट केली, आणि 1929 साली कोदोकानचे ताकागाकी हे आचार्य तेथे येऊन राहिले. मुलांबरोबर मुलींनीही त्यांच्याकडे धडे घेतले. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपले देशी खेळ जगापुढे मांडण्यास तेथे गेले होते. त्याच बर्लिनमध्ये समितीच्या बैठकीत कानो आपल्या देशासाठी पुढच्या सामन्यांचा मान मिळवीत होते. आशियातील व्यायामविद्या युरोपच्या अंगणात ताठ मानेने उभी राहण्याचा तो काळ होता.

1940 चे सामने तोकिओस देण्याचे ठरले खरे, परंतु 1937 साली जपानचे चीनशी युद्ध पेटले आणि जगाचा विश्वास डळमळू लागला. 1938 साली सत्याहत्तर वर्षांचे कानो कैरोस गेले आणि तो मान त्यांनी टिकवून धरला. परत येताना पॅसिफिक महासागरात हिकावा मारू या जहाजावर त्यांना न्यूमोनिया झाला, आणि 4 मे 1938 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. दोनच महिन्यांनी त्यांच्या सरकारने सामने भरविण्याचा विचार सोडून दिला. ज्या तरुण चिनी विद्यार्थ्यांना त्यांनी पुत्रवत शिकविले, त्यांच्याच देशावर आपली सेना तुटून पडलेली पाहण्याचे दुर्दैव या वृद्ध शिक्षकाच्या वाट्यास आले. पुढे महायुद्धात ज्युदोही लष्करी कवायतीच्या दावणीला बांधला गेला; 1945 च्या पराभवानंतर जेत्यांनी शाळांतून त्यास हद्दपार केले. 1950 साली तो पुन्हा शाळांत आला. हिकावा मारू हे जहाज योकोहामाच्या बंदरात संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.

या चरित्राचा शेवटचा प्रसंग नायकाच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी घडला. 1964 साली तोकिओ येथे ऑलिंपिक सामने भरले आणि त्यात ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. वजनाचे तीन गट जपानने जिंकले. परंतु खरा मान वजनाचे बंधन नसलेल्या खुल्या गटाचा. त्याच्या अंतिम लढतीत जपानच्या आकिओ कामिनागा यांना हॉलंडच्या अँटन गीसिंक यांनी चटईला जखडून टाकले. जपानी प्रेक्षक सुन्न झाले. कित्येकांना रडू आवरेना. आनंदाने बेभान झालेले गीसिंक यांचे देशबांधव चटईकडे धावले, तेव्हा त्यांनी हात वर करून त्यांना जागच्या जागी थांबविले. प्रतिस्पर्ध्यास नमस्कार झाल्यावाचून लढत संपत नाही, हे ते विसरले नव्हते.

पुष्कळांनी त्या दिवशी जपानची विद्या हरली असे म्हटले असेल. आम्हांस तसे वाटत नाही. कोठल्याशा हाडवैद्याच्या दहा चटयांच्या खोलीत कोंडलेली, धनी नसलेली ती विद्या. तिच्यातील एक जरी डाव कोणी राखून ठेवला असता, तर तो परदेशी मल्ल जिंकू शकला नसता. परंतु मग ती विद्याही त्या सभागृहापर्यंत येऊ शकली नसती. तो वृद्ध शिक्षक तेथे असता, तर गीसिंक यांच्या उंचावलेल्या हाताकडे पाहून त्यास आपले श्रम सार्थकी लागल्याचेच समाधान झाले असते, असा आमचा विश्वास आहे.

आपल्या ज्ञातीतील वडील मंडळींपाशी आजही काही ना काही आहे. कोणापाशी हत्याराची जाण आहे, कोणापाशी मोडी वाचण्याची हातोटी, कोणापाशी एखादा पदार्थ, एखादे औषध, एखादी गाण्याची चाल. ते आपल्याच मुलाला द्यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु मुलगा घेत नसेल तर पुतण्याला द्यावे, लेकीला द्यावे, सुनेला द्यावे, शेजारच्या निराळ्या जातीच्या पोराला द्यावे. हातचा राखलेला डाव शेवटी कोणाच्याच हाती लागत नाही.